शाळेत दवाखाना हवा, की दवाखान्यापर्यंत एसटीचं भाडं?

फळा_खडू:
आमचं अनुदानित हायस्कूल, तालुक्यापासून २२ किलोमीटर आत. गेल्या जुलैत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली होती. दोन डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट. माणसं चांगली, पण साडेतीनशे पोरं दोन दिवसांत उरकायची! आठवीतल्या एका मुलीची नजर अधू निघाली. ग्रामीण रुग्णालयात जा, अशी चिठ्ठी दिली. यंदा गाडी परत आली, तीच मुलगी, तीच चिठ्ठी. आधीची चिठ्ठी कंपासपेटीत घडी घालून तशीच होती. वर्षभर ती शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत होती आणि मी तिला 'लक्ष नाही' म्हणून ओरडत होतो.

चष्मा फुकट मिळतो, हृदयाचं ऑपरेशनसुद्धा या योजनेत होतं. पण तिथवर न्यायचं कुणी? बापाचा एक खाडा म्हणजे दिवसाची मजुरी गेली. सोमवारच्या लोहाच्या निळ्या गोळ्यांचंही तेच. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, मग पोरी गोळी खिडकीबाहेर टाकतात. आम्ही 'वाटप झाले' लिहून मोकळे.

माझं म्हणणं, पाच-सहा शाळा मिळून एक पूर्णवेळ नर्स द्या आणि तिला शाळेतच खोली द्या. तपासणी वर्षातून एकदा झाली तरी चालेल, चिठ्ठ्यांचा पाठपुरावा मात्र रोज व्हायला हवा.

निवृत्त_आरोग्यसेवक:
गुरुजी, नर्स आणणार कुठून? सपाटीवर ३० हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथल्याच जागा रिकाम्या. शेवटी उपकेंद्रातली सिस्टर उचलून शाळेत बसवतील आणि बाळंतिणी वाऱ्यावर. वर्षभरात तिच्याकडे खिचडीची चव, हजेरी आणि निवडणुकीचं काम आलं नाही तर मला विचारा.

आणि तपासणीचं कौतुक नको. भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी बडोद्यात १९०९ साली झाली, सयाजीरावांच्या राज्यात. १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या सरकारी भोर समितीने लिहिलं की शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं आपण पोरं तपासतोय आणि कागद फाइलला लावतोय. त्यात आणखी एक खोली कशाला? त्या बापाला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या. स्वस्त पडेल.

दोन_मुलींची_आई:
चष्मा, गोळ्या ठीक. पण ती खोली एकदा झाली की तिथे 'समुपदेशन' सुरू होणार. माझ्या मुलींशी कोण काय बोललं, ते मला कळायला नको? आणि शाळेत गुप्तता म्हणजे काय हो? नर्स, क्लार्क आणि हेडमास्तर एकाच किटलीतला चहा पितात. मुलगी दोनदा त्या खोलीत गेली की गावात चर्चा.

मैत्रीण_क्र_१०:
ताई, किटलीचं अगदी खरं आहे. मी किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली आला, १० ते १९ वयासाठी. आमची खोली रुग्णालयात, ओपीडीच्या रांगेला लागून. रांगेत शेजारच्या काकू बसलेल्या असतात. कोण येणार? शाळेत मात्र 'डोकं दुखतंय' म्हणून मुलगी आत येऊ शकते. दहा मिनिटं डोकंच दुखतं, मग कळतं की पाळी तीन महिने आलेली नाही, किंवा घरी लग्नाची बोलणी चाललीत.

गुप्ततेचं वचन मात्र मी देत नाही, देऊच शकत नाही. १८ च्या आतल्या मुलीच्या बाबतीत लैंगिक संबंधांची माहिती कळली की पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तिची 'संमती' असो वा नसो. हे आधीच सांगितलं की निम्म्या मुली गप्प होतात. यावर माझ्याकडे तोड नाही.

पुणेकर_बाबा:
आमच्या खासगी शाळेत 'इन्फर्मरी' आहे. फीच्या पावतीवर वेगळी ओळ. आत एक पलंग, बर्फाची पिशवी आणि 'पालकांनी येऊन घेऊन जावे' हा फोन. इतकंच सांगायचं होतं.

साग_पळस:
तुमची चर्चा दिवसाच्या शाळेची चाललीय. मी आश्रमशाळेत अधीक्षक. पोरं रात्री इथेच झोपतात. आमच्याकडे सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या जन्मजात आजाराची, मुलं आहेत. थंडीत, पाणी कमी प्यायलं की सांधे असे दुखतात की पोर भिंतीला नखं लावतं. रात्री दोनला मी काय करू, एसटीची वाट बघू? आईबाप ६० किलोमीटरवर, फोनला रेंज नाही. इथे शाळा हेच घर आहे, तर घरात नर्स हवी की नको यावर वाद कसला?

निवृत्त_आरोग्यसेवक:
आश्रमशाळेचं मान्य, तिथे नर्स हवीच, रात्रीची. हायस्कूलला अजूनही नाही. २०२० पासून प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आरोग्याचं प्रशिक्षण द्यायचं ठरलंय, एक बाई, एक गुरुजी. आधी ते तरी चालवा.

फळा_खडू:
त्या दोघांतला गुरुजी मीच आहे, साहेब! प्रशिक्षणात चिठ्ठ्यांचं काय करायचं ते नव्हतं. असो. येत्या बुधवारी तीन पोरांना माझ्या खर्चाने ग्रामीण रुग्णालयात नेतोय. त्या दिवशी माझे चार तास कोण घेणार आणि वाटेत काही झालं तर जबाबदार कोण, यावर मुख्याध्यापकांनी लेखी मागितलंय.

निवृत्त_आरोग्यसेवक:
निघण्याआधी फोन करा. डोळे तपासणारा रोज तिथे बसतोच असं नाही. आणि पालकांची सही घ्या, नाहीतर दोन-मुलींची-आई रागावतील.

दोन_मुलींची_आई:
रागावणार नाही. बुधवारी आमच्या गावावरून जाणार असाल तर गाडीत एक जागा ठेवा, मी येते सोबत. मुलींबरोबर एक बाई असलेली बरी.