मदत हवी आहे: चंद्राच्या मातीचा तक्ता केलाय, बेरीज १०१.६ येतेय, कुठे चुकतंय?

नमस्कार मंडळी, लेक आठवीत आहे, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला नऊ दिवस राहिलेत आणि आम्ही बापलेक एका आकड्यापाशी अडकून बसलोय. जिऑलॉजी नाहीतर केमिस्ट्रीवालं कुणी असेल तर प्लीज बघा.

विषय तिनंच निवडला, 'चंद्राची माती आणि आपला काळा दगड'. गावाबाहेर खडी क्रशर आहे, तिथून पिशवीभर कच आणली, बारीक चाळणीनं चाळली, तोंडाला मास्क लावून. तीन ट्रे करायचेत. एकात आपल्या बेसॉल्टची कच, दुसऱ्यात अपोलो ११ वाल्यांनी १९६९ ला आणली तशी काळपट माती, तिसऱ्यात अपोलो १६ उतरलं त्या डोंगराळ भागातली फिकट माती. प्रत्येकापुढे कशात काय किती टक्के त्याचा तक्ता.

अपोलो ११ च्या मातीचे आकडे असे घेतलेत: सिलिका ४२, अ‍ॅल्युमिना १३.५, चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड १२, मॅग्नेशिया ७.९, टायटॅनियम ऑक्साइड ७.५, सोडा (सोडियम ऑक्साइड), पोटॅश, मँगनीज, क्रोमियम सगळं मिळून १.१. लोखंडाचा आकडा एका ठिकाणी नुसता लोह १२.३ असा मिळाला, मग तिनं पुस्तकातलं गंजाचं सूत्र घेऊन त्याचं ऑक्साइड काढलं, १७.६ आलं. एकूण १०१.६! तीनदा बेरीज केली, तेवढीच येते.

दुसरा प्रश्न तिचा आहे आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. चंद्रावर हवाच नाही तर सगळीकडे ऑक्साइड ऑक्साइड काय लिहिलंय, ऑक्सिजन आला कुठून?

तिसरं, फिकट ट्रेसाठी घरातली पांढरी रांगोळी घेतली होती. सहज लिंबू पिळलं तर फसफसली. ती वापरावी का नको?

प्रतिसाद:

दादा, बेरीज बरोबर आहे, सूत्र चुकलंय. पोरीनं लोखंड गंजलेलं धरलं. गंजात फेरिक लोह असतं, एका लोहाला दीड ऑक्सिजन. चंद्राच्या दगडात लोह फेरस असतं, एकाला एक. १२.३ ला १.४३ नं नाही, १.२८६ नं गुणायचं, १५.८ येतील आणि बेरीज ९९.८ होईल. खऱ्या पृथक्करणात एवढा फरक राहतोच, मुद्दाम १०० करू नका.

आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये फेरसबरोबर फेरिकही असतं, शिवाय पावसापाण्यानं दगड कुजतो, म्हणून तर घाटात काळ्या थरांच्या मधे ती लाल पट्टी दिसते. चंद्राच्या आतच ऑक्सिजनची इतकी टंचाई होती की लोह पुढे फेरिकपर्यंत गेलंच नाही, उलट थोडं चक्क धातू म्हणूनच राहिलं. (चांद्रयान-१ वरच्या एका उपकरणाच्या नोंदींवरून २०२० मध्ये ध्रुवांच्या बाजूला हेमटाइट, म्हणजे फेरिक लोहाचंच ऑक्साइड, असल्याचं मांडलं गेलंय, परीक्षकांनी विचारलं तर पोरीला माहीत असू दे.)

ट्रेमधून लोहचुंबक फिरवून दाखवा. आपल्या कचेतले काळे कण चिकटतील ते मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय खनिजामुळे. चंद्राच्या मातीतलेही चिकटतात, पण तिथे कारण आहे धातूरूप लोखंड, बारीक उल्कांच्या माऱ्यानं माती वितळून जी काच बनते तिच्यात त्याचे अतिसूक्ष्म थेंब असतात.

आता ऑक्सिजनचं. प्रश्न फार छान विचारलाय. हा हवेतला ऑक्सिजनच नाही, दगड बनतानाच सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियमशी जखडलेला आहे, वजनानं चंद्राच्या मातीत ४० टक्क्यांच्या वर तोच. ऑक्साइडमध्ये लिहायची ती फक्त हिशोबाची पद्धत. तिथे कळीच्या चुन्याचे खडे पडलेले नाहीत, तो कॅल्शियम प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन या खनिजांत आहे, तसंच टायटॅनियम मुख्यतः इल्मेनाइटमध्ये.

रांगोळी अजिबात नको. फसफसली म्हणजे कार्बोनेट, संगमरवराची पूड असणार. चंद्राचा फिकट दगड म्हणजे अ‍ॅनॉर्थोसाइट, त्यात अ‍ॅल्युमिना भरपूर. अपोलो १६ च्या मातीत अ‍ॅल्युमिना २७ टक्क्यांच्या आसपास आणि लोखंडाचं ऑक्साइड जेमतेम ५. चांद्रयान-३ च्या रोव्हरनं २०२३ मध्ये २३ जागी माती तपासली तीही याच जातीची निघाली. इस्रोनं रोव्हरच्या चाचणीसाठी कृत्रिम चंद्रमाती केली होती, तिचा दगड तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीकडचा.

अजून एक, कचेत पांढरे चमकदार खडे दिसले तर वेचून काढा. आपल्या दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइट भरतात आणि त्यांना पाणी लागतं, अपोलोच्या दगडात ते नाहीत. सोड्याचाही फरक दाखवा, आपल्याकडे दोन टक्क्यांच्या वर, तिथे अर्धा टक्कासुद्धा नाही.

धागाकर्ता:

ताई, मनापासून आभार, तुमचा प्रतिसाद लेकीला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं लगेच १७.६ वर पांढरी पट्टी चिकटवून १५.८ लिहिलं. मग म्हणाली खालचा आकडा झाकायचा नाही, चूक काय झाली ते पण तक्त्यात दाखवू, म्हणून पट्टी काढून १७.६ वर नुसती काट मारलीय. पांढरे खडे बशीभर निघाले, ते वेगळ्या डबीत ठेवलेत.

तिसरा ट्रे अजून रिकामा आहे. विटा-खानापूरकडची बरीच गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) मंडळी तमिळनाडूत असतात, सेलम-नामक्कलच्या बाजूला (सित्तमपुंडी तिकडेच) कुणी असेल आणि तिकडचा पांढरट अ‍ॅनॉर्थोसाइटचा मूठभर तुकडा कुठे रीतसर मिळत असेल तर कुरिअरनं पाठवाल का? खर्च मी देतो, व्यनि करा. शनिवारपर्यंत आला तर फार बरं होईल.