‘आध्यात्मिक ताप’ म्हणजे खरूज? एका अनुवादात अडलेला शब्द

बोरू
दासबोधाच्या तिसऱ्या दशकाचा इंग्रजी अनुवाद तपासतोय. सहाव्या समासाचा विषय ‘आध्यात्मिक ताप’, तीन तापांपैकी पहिला (सातव्यात आधिभौतिक, आठव्यात आधिदैविक). अनुवादात सरळ ‘स्पिरिच्युअल सफरिंग’ केलंय. पण समासात येतात खरूज, खवडे, पुळ्या, नारू, देवी, गोवर, आणि त्यावर समर्थ म्हणतात, ‘या नांव आध्यात्मिक’. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल की खरूज हा आत्म्याचा रोग आहे. मी ‘बॉडिली’ सुचवलं. अनुवादकाचं उत्तर आलं की मूळ शब्द समोर दिसत असताना तो बदलायचा अधिकार आपल्याला नाही. तर ‘आध्यात्मिक’ला काय लिहावं? आणि ‘ताप’ला?

समासविग्रह
तुमची शंका बरोबर आहे, अनुवाद चुकलाय. ‘अध्यात्म’ म्हणजे अधि + आत्मन्. इथे आत्मन् म्हणजे वेदान्तातला शुद्ध आत्मा नव्हे. संस्कृतात हा शब्द ‘स्वतः’, ‘आपण’ या साध्या अर्थानेही चालतो आणि त्या ‘आपण’मध्ये देह येतोच. अध्यात्म म्हणजे आपल्या ठायी. अधिभूत म्हणजे इतर भूतांच्या ठायी, अधिदैव म्हणजे देवतांच्या ठायी. गीतेच्या आठव्या अध्यायात (३ आणि ४) हे तिन्ही शब्द एकापाठोपाठ आलेत.

लावून पाहायची कसोटी एकच : ताप कुठून आला? स्वतःतूनच उठला तर आध्यात्मिक, दुसऱ्या जिवाकडून किंवा वस्तूकडून आला तर आधिभौतिक, दोन्हींच्या पलीकडून आला तर आधिदैविक. समर्थांची व्याख्याच वाचा : ‘देह इंद्रिय आणी प्राण । यांचेनि योगें आपण’ सुखदुःखाने शिणतो, ते आध्यात्मिक. आत्मन्‌चं मराठी त्यांनी तिथेच करून ठेवलंय, ‘आपण’.

गावठाण
मला वाटतं यात ‘आधी’ आहे, आधिव्याधीतला. आधी म्हणजे मनाची व्यथा. म्हणून आधिभौतिक म्हणजे भूतमात्रांमुळे मनाला होणारी व्यथा. तापाच्या यादीत तो शब्द चपखल बसतो.

समासविग्रह
बसतो, पण व्युत्पत्ती ती नाही. आधिव्याधीतला ‘आधि’ हा आ + धा पासून झालेला स्वतंत्र शब्द. इथे ‘अधि’ हा उपसर्ग आहे. ‘इक’ लागताना या शब्दांत दोन्ही पदांच्या पहिल्या स्वराची वृद्धी होते (अचा आ, ऊचा औ, एचा ऐ) : अधि + भूत = आधिभौतिक, अधि + देव = आधिदैविक. म्हणून सुरुवातीला ‘आ’ दिसतो. प्रत्यय काढला की ऱ्हस्व ‘अ’ परत येतो : अध्यात्म, अधिभूत, अधिदैव. ‘आध्यात्म’ असा शब्द नाही, पाट्यांवर कितीही दिसला तरी. ‘आदिभौतिक’ही असंच चुकीचं, ‘आदि’शी त्याचा संबंध नाही.

पैलथडी
बोरू, पर्याय हवा असेल तर तुलसीदासांकडे पाहा. रामचरितमानसाच्या उत्तरकांडात ‘दैहिक दैविक भौतिक तापा’ आहे. आध्यात्मिकच्या जागी त्यांनी ‘दैहिक’ घातलंय. तुमच्या ‘बॉडिली’ला एवढा आधार पुरे.

पण त्याने सगळं भागत नाही. सांख्य दर्शनाच्या ‘सांख्यकारिका’ या ग्रंथाची पहिलीच कारिका (श्लोक) ‘दुःखत्रयाभिघातात्’, म्हणजे तीन दुःखांच्या आघातामुळे, अशी सुरू होते आणि भाष्यकार गौडपाद तिथे आध्यात्मिकचे दोन भाग करतात : शारीर (वात-पित्त-कफ बिघडून येणारे ज्वर, अतिसार) आणि मानस (प्रिय दुरावणं, अप्रिय भेटणं). नुसतं ‘दैहिक’ म्हटलं तर दुसरा भाग निसटतो.

आणखी एक खाचखळगा. गौडपादांच्या आधिदैविकात थंडी, ऊन, वारा, पाऊस, वीज पडणं आहे. दुसरे टीकाकार वाचस्पती मिश्र तिथे यक्ष, राक्षस, ग्रहांची बाधा धरतात. समर्थांनी मात्र आठव्या समासात आधिदैविक म्हणजे देहान्तानंतरच्या यमयातना आणि स्वर्गनरकाचे भोग असं मांडलंय. सांख्याच्या इंग्रजी पुस्तकातले तीन शब्द उचलून दासबोधाला चिकटवले तर आठवा समास चुकणारच.

रोजचीभाषा
थोडं वेगळं मत. आज ‘आध्यात्मिक’चा अर्थ मराठीत पक्का झालाय : आध्यात्मिक ग्रंथ, आध्यात्मिक गुरू, आध्यात्मिक ओढ. कोणीही त्याचा अर्थ ‘देहाचा’ असा घेत नाही. शब्द लोकांच्या तोंडी जे होतात तेच खरे. विग्रह करून आजच्या वापराला चूक ठरवू नये.

समासविग्रह
आजच्या वापराला कोण चूक म्हणतंय? प्रश्न सतराव्या शतकातल्या ग्रंथाचा आहे. आजचा अर्थ त्याच्यावर लादणं हा समर्थांवर अन्याय आहे. त्यांनी जन्मदुःखापासून (समास १) मृत्यूपर्यंत (समास ९) माणसाच्या वाट्याला येणारं सगळं एका दशकात ओळीने लावलं. त्यातला देहाचा हिस्सा ‘स्पिरिच्युअल’ झाला तर मांडणीचा कणाच मोडतो.

रोजचीभाषा
मग कंसात मूळ शब्द ठेवा आणि तळटीप द्या. प्रत्येक जागी नवा प्रतिशब्द घडवत बसलो तर वाचक पान सोडून जाईल.

दुखणाईत
‘ताप’कडे कोणी वळलंच नाही. मराठीत ताप म्हटलं की आधी थर्मामीटर. मग ‘डोक्याला ताप’, मग मनस्ताप, पश्चात्ताप. मूळ तप् धातू, पोळण्याचा. योगसूत्रात (२.१५) दुःखाचे प्रकार सांगताना परिणाम, ताप, संस्कार अशी त्रयी आहे, तिथे ताप हा दुःखाचा एक प्रकार. समर्थांकडे ताप हेच मोठं खातं. ‘सफरिंग’ने पोळणं जातं, ‘फीव्हर’ तर साफ चूक. मी ‘ॲफ्लिक्शन’ घेईन आणि प्रस्तावनेत एकदा आच, होरपळ याबद्दल लिहीन.

शेजारचा ‘दुःख’ही पाहा. दुः + ख, ख म्हणजे चाकाचं आखाचं भोक, ते वाकडं म्हणून गाडी खडखडते, ही व्युत्पत्ती सगळ्यांना आवडते. दुसरं मत असं की हे ‘दुःस्थ’चं प्राकृत रूप, म्हणजे नीट उभं न राहता येणं. मला दुसरं पटतं. ‘स्थिती’ही त्याच स्था धातूची, म्हणजे माणसाची स्थिती आणि माणसाचं दुःख एकाच मुळावर येतात.

गावठाण
आखाचं भोक मी सोडणार नाही. बैलगाडीचा आख झिजला की चाक डगमगतं आणि प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी कुरकुरतं. दुःखाचं इतकं नेमकं चित्र दुसरं नाही.

मुद्रितशोधक
लेखनाचं एक : दुःख, दुःखी यांना विसर्ग. पण दुखणं, दुखवटा, दुखावणं, दुखणाईत यांना नाही. हे तद्भव आहेत आणि त्यांचा अर्थही सरकलाय. दुःख मनाचं, दुखणं देहाचं. ‘आजीचं दुखणं काढलं’ म्हणजे तिच्या आजारपणात सेवा केली. आध्यात्मिकचे शारीर आणि मानस हे दोन भाग मराठीने एका विसर्गावर वेगळे केलेत.

पैलथडी
सुंदर. आणि त्या यादीतली ‘देवी’ पाहिलीत का? लोक म्हणत, देवी आल्या. येणारी देवता, म्हणून तिची मनधरणी. नावावरून हा रोग आधिदैविकात जायला हवा. समर्थांनी तो खरूज-गोवराच्या पंगतीत, देहाच्या विकारांत बसवला. अनुवादात नुसतं ‘स्मॉलपॉक्स’ लिहिलं तर हा निर्णय दिसतच नाही. इथे तळटीप हवीच.

गावठाण
मग नारूचं काय? तो तर जिवंत जंत. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी न गाळता प्यायलं की पाण्यातल्या बारीक जिवांबरोबर पोटात जातो, वर्षभर आत वाढतो आणि बहुधा पायाला फोड येऊन बाहेर डोकावतो. लांबी हात-दीड हात, कधी मीटरभर. काडीला गुंडाळून रोज दोन-चार बोटं ओढायचा. घाई केली आणि तुटला तर आत राहिलेल्या तुकड्याने पाय सुजतो, पिकतो. तोच फोडाचा पाय विहिरीत बुडवला की पुढची पैदास पाण्यात. कसोटी ‘ताप कुठून आला’ अशी असेल तर हा दुसऱ्या जिवाकडून आलेला ताप आहे. आधिभौतिक!

समासविग्रह
चांगला पेच आहे. गौडपाद डास, ऊ, ढेकूण आधिभौतिकातच घालतात. म्हणजे डास चावला तो आधिभौतिक आणि त्यातून आलेला हिवताप, ज्वर म्हणून, आध्यात्मिक. मला वाटतं सीमा कातडीची आहे. बाहेरून टोचतं तोवर दुसऱ्याचं, आत शिरून देहात मुरलं की आपलं.

गावठाण
नारू अर्धा आत आणि अर्धा काडीवर असतो.

मुद्रितशोधक
क्रियापदंही तेच सांगतात. खरूज होते, ताप येतो किंवा भरतो, देवी येतात, पण नारू ‘निघतो’. गोवरही निघतो, कारण तोही आतून अंगावर उमटतो असं मानायचे. बोलणाऱ्यांच्या लेखी नारू आतलाच.

बोरू
भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला, देवी तर त्याच्या बऱ्याच आधी गेल्या. त्यामुळे तळटीप या दोघांनाही लागणार. ‘आध्यात्मिक’साठी सध्या ‘ऑफ वन्स ओन सेल्फ’ असं लिहून ठेवलंय, समर्थांच्या ‘आपण’वरून. अनुवादकाला अजून पटलेलं नाही.

रोजचीभाषा
पटणार नाही. इंग्रजीत ते फार अवघडलेलं वाटतं.

गावठाण
पण नारू सहाव्या समासात की सातव्या?