मदत हवी आहे : विकिपीडियावरील स्त्री-संपादकांचे प्रमाण कसे काढावे?

प्रबंधार्थी : सोमवारी मार्गदर्शकांना प्रकरण द्यायचे आहे, कृपया लवकर सांगावे. सदस्यांच्या लिंगाची नोंद एपीआयमधून (विकिपीडियाची माहिती प्रोग्रामद्वारे मिळवण्याची सोय) उतरवली, पण बहुतेकांपुढे ‘अज्ञात’ येते. अज्ञात वगळून उरलेल्यांतील स्त्रियांची टक्केवारी दिली तर चालेल का?

उंबरठा : कोणत्या भाषेचा विकिपीडिया? आणि सदस्य म्हणजे नुसते खाते उघडलेले, की महिन्याला किमान पाच संपादने करणारे? खाते उघडून पुन्हा न फिरकणारेच सर्वत्र जास्त असतात.

क्वेरीबहाद्दर : एवढा खटाटोप कशाला? विकिडेटावर (विकिपीडियाशी जोडलेला खुला माहितीसाठा) व्यक्तींच्या नोंदींना ‘पी२१’ हा लिंगाचा गुणधर्म असतो. त्यावर क्वेरी (माहितीसाठ्याला विचारलेला प्रश्न) चालवा, टक्केवारी लगेच मिळेल.

जुनी सदस्या : त्यातून लेख कोणावर आहेत ते कळेल, ते कोणी लिहिले हे नाही, प्रश्न दुसरा आहे. खात्याच्या ‘पसंती’मधील (सेटिंग्जमधील) लिंगाची नोंद ऐच्छिक आहे, ती मुख्यतः संदेशांतील व्याकरणासाठी आहे आणि ती कोणालाही पाहता येते. जर्मन विकिपीडियावर तर स्त्री निवडताच सदस्यपानाच्या नावात ‘बेनुत्झरिन’ (स्त्री-सदस्य) उमटते. नको ते संदेश टाळण्यासाठी एखादी बाई ती नोंद करतच नसेल, तर तुम्ही नेमके तिलाच वगळता.

आकडेमोड : मग सदस्यनावांवरून ओळखा, मी तसेच करतो.

जुनी सदस्या : ‘किरण’ कोणत्या रकान्यात टाकता? आणि ‘पुस्तकवेडा’ या नावामागे पुरुषच आहे, हे कशावरून?

उंबरठा : त्यापेक्षा सर्वेक्षण बरे.

आकडेमोड : सर्वेक्षणाचे कौतुक नको. २००८ च्या जागतिक सर्वेक्षणात स्त्री-संपादक १२.७ टक्के निघाल्या; प्रतिसाद कोण देते यातला कल दुरुस्त करून हिल आणि शॉ या संशोधकांनी २०१३ मध्ये तोच आकडा १६.१ वर नेला.

प्रबंधार्थी : मराठी विकिपीडिया, महिन्याला पाच संपादनांची अट. मला फक्त हो की नाही एवढेच हवे होते.

जुनी सदस्या : नाही. सगळ्या ‘अज्ञात’ सदस्यांना पुरुष धरून एक टक्केवारी काढा, सगळे स्त्रिया धरून दुसरी, आणि दोन्ही छापा. अंतर फार मोठे येईल, मार्गदर्शक कुरकुरतील, तरी ते लपवू नका. मात्र सदस्यनावांचा तक्ता परिशिष्टात देऊ नका. इतक्या लहान प्रकल्पात कोण कोण ते लगेच ओळखू येते.