कालपर्यंत तिचा हात तिथे पोहोचत नव्हता

दीड ते चार वर्षांचे मूल ज्यांच्या घरात आहे किंवा कधीकाळी होते, त्या सर्वांना ही विनंती आहे. आपल्या घरी घडलेला एखादा प्रसंग लिहा. मूल पडले असेल, त्याने काही गिळले असेल, ते कुठे अडकले असेल, किंवा तासभर रडत राहिले आणि का ते कुणालाच कळले नाही, असेही झाले असेल. लिहिताना मूल त्या क्षणी नेमके कुठे होते, आपण कुठे होतो आणि सर्वांत आधी आपण काय केले, एवढे कृपया अवश्य सांगा, कारण दुसऱ्या पालकाला उपयोग होतो तो याच तपशिलाचा. "तुमचे लक्ष कुठे होते?" हा प्रश्न मात्र कुणी कुणाला विचारू नये. मुलाला काल जे येत नव्हते ते आज येऊ लागलेले असते आणि घराची मांडणी मात्र कालच्याच मुलाला धरून केलेली असते. माझ्या पाहण्यातले बहुतेक अपघात या एका दिवसाच्या फरकात घडलेले आहेत.

सुरुवात मी करते. माझी मुलगी तेव्हा बावीस महिन्यांची होती. तिला आंघोळ घालून मी टॉवेल आणायला दोन पावले बाहेर आले, तेवढ्यात तिने न्हाणीघराचे दार लोटले आणि आतली आडवी कडी सरकवली. तोपर्यंत ती कडीला नुसता हात लावत असे. ती सरकवता येते हे तिला त्याच सकाळी कळले असावे. आत अर्धी भरलेली बादली होती. या वयाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे ते बादलीत वाकून तोल गेला तर त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही, आणि नाकतोंड बुडायला जेमतेम 5 सेंटिमीटर पाणीही पुरते, हे मी गरोदरपणातच वाचले होते. बुडताना मूल ओरडत नाही, हेही वाचले होते. त्यामुळे दाराबाहेर मला सर्वांत जास्त भीती वाटत होती ती शांततेची.

म्हणून मी तिला बोलते ठेवले. कावळा कसा ओरडतो, मांजर कसे ओरडते, गाडी कशी वाजते, असे एकामागून एक विचारत राहिले. ती हौसेने आवाज काढत राहिली आणि प्रत्येक आवाजाबरोबर मला एक श्वास घेता आला. शेजारच्या काकांना मी हाक मारली. ते बाहेरच्या बाजूने स्टुलावर चढले आणि त्यांनी झडपेच्या काचेच्या पट्ट्या एकेक करून काढल्या. माझे सगळे लक्ष कडीकडे होते, पण काकांनी लांब काठी आत घालून पहिल्यांदा बादली कलंडवली. पाणी वाहून गेले, मग त्यांनी त्याच काठीने कडी मागे ढकलली. सतरा मिनिटे गेली होती. आधी बादली आणि मग कडी, हा क्रम मला तेव्हा सुचला नव्हता आणि त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. त्याच संध्याकाळी खालची कडी काढून आम्ही ती दाराच्या वरच्या टोकाला बसवली, आणि तेव्हापासून काम झाले की बादली रिकामी करून पालथी घालतो.

*

मुलगा दोन वर्षांचा असतानाचा प्रसंग, लिहिणारा बाबा.

आमच्याकडे रक्त आले नाही, सूज आली नाही, काहीही दिसले नाही, आणि तरीही माझ्या हातून मुलाला इजा झाली होती. संध्याकाळी फिरून येताना तो रस्त्याच्या मधोमध बसला. समोरून गाडी येत होती, म्हणून मी त्याच्या एका मनगटाला धरून त्याला झटक्यात वर ओढले. तो कळवळून रडला, मग थांबला, पण त्याचा डावा हात बाजूला तसाच लोंबत राहिला. हात हलवला नाही तर तो शांत असे. कपडे बदलायला हात धरला की किंचाळे. आवडते खेळणे समोर धरले तरी त्याने उजवाच हात पुढे केला, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला.

डॉक्टरांनी प्रसंग ऐकला, हात तपासला, एका हाताने कोपर धरले, दुसऱ्या हाताने मनगट फिरवून कोपर दुमडले, आणि काही क्षणांत काम झाले. दहा मिनिटांनी मुलगा त्याच डाव्या हाताने टेबलावरची पेन ओढत होता. कोपरापाशी मनगटाकडून येणाऱ्या एका हाडाचे टोक अस्थिबंधाच्या कड्याने जागेवर धरलेले असते. लहान वयात ते कडे सैल असते आणि हात सरळ असताना ओढ बसली की हाड त्यातून किंचित निसटते, असे त्यांनी चित्र काढून दाखवले. पाच वर्षांच्या सुमारास ते घट्ट होते, पण तोपर्यंत एकदा निसटलेले पुन्हा निसटू शकते. स्वतः घरी हात ओढून बसवण्याचा प्रयत्न करू नये, कारण हाड मोडलेले असेल तर ते बाहेरून कळत नाही, हेही त्यांनी बजावले.

त्याआधी पत्नी आणि मी त्याचे एकेक हात धरून त्याला 'एक, दोन, तीन' म्हणत झुलवायचो. तो खेळ त्याचा सर्वांत आवडता होता. तो आम्ही बंद केला. आता त्याला उचलायचे ते काखेत हात घालूनच, आणि हे आम्ही पाळणाघरातल्या ताईंनाही करून दाखवले आहे.

*

आमचे थोडक्यात सांगते. मुलीने नाकात मणी घातला आणि कुणालाही सांगितले नाही, कारण ती दोन वर्षे चार महिन्यांची होती आणि 'नाकात' हा शब्द तिला अजून येत नव्हता. तीन दिवसांनी एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येऊ लागला. सर्दी असती तर दोन्ही नाकपुड्या वाहिल्या असत्या, हे माझ्या आईच्या लक्षात आले. दवाखान्यात डॉक्टरांनी मलाच पुढे केले: मुलीची मोकळी नाकपुडी बोटाने बंद करायची, तिच्या तोंडावर आपले तोंड घट्ट ठेवायचे आणि एक जोराची फुंकर मारायची. दुसऱ्या फुंकरीला मणी माझ्या गालावर आला. मुलीला वाटले की आईने पापी घेतली. आदल्या रात्री मी चिमट्याने काही निघते का ते पाहायला निघाले होते. त्याने मणी आणखी आत गेला असता, म्हणून हे आवर्जून लिहिले.

*

मी आजी आहे, आणि माझा प्रसंग घडला त्या वेळी घरात मी आणि नातू असे दोघेच होतो. तो पंधरा महिन्यांचा होता. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तो माझ्या पायाशी छोट्या रिमोटशी खेळत होता. थोड्या वेळाने पाहिले तर रिमोटचे झाकण एकीकडे आणि आतली चपटी, नाण्यासारखी बॅटरी कुठेच नाही. नातू हसत होता. त्याला खोकला नव्हता, लाळ गळत नव्हती, काही म्हणजे काही होत नव्हते. मी सोफ्याखाली पाहिले, गादी उचलली, त्याच्या मुठी उघडल्या.

खरे सांगायचे तर माझ्या मनात दोन्ही विचार आले. एक मन म्हणत होते की आणखी थोडे शोधावे, उगाच मुलाला आणि सुनेला कामावरून कशाला धावत बोलवावे, आणि आपल्याकडे मूल सोपवले असताना हे झाले हे आपल्याच तोंडाने कसे सांगावे. दुसऱ्या मनाने फोन उचलला. सूनबाईने एकच प्रश्न विचारला, "आई, किती वाजता?" मी घड्याळ पाहून वेळ सांगितली. "मी थेट रुग्णालयात पोहोचते, तुम्ही रिक्षाने निघा," एवढेच ती म्हणाली, आणि पुढे आजतागायत तिने त्यावरून एक शब्दही मला ऐकवलेला नाही.

तिला वेळ का हवी होती, ते मला तिथे गेल्यावर कळले. ही बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर ओलाव्यामुळे तिच्यातून वीज वाहू लागते, त्या जागी दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांच्या आत नलिकेला खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. बॅटरी जुनी, उतरलेली असली तरी धोका टळत नाही, आणि लक्षणे दिसण्याची वाट पाहायची नसते. गिळल्याची नुसती शंका असली तरी एक्स-रे काढायचा असतो. नातवाचा एक्स-रे स्वच्छ निघाला. बॅटरी दुसऱ्या दिवशी माझ्या मुलाच्या बुटात सापडली. ज्या रिमोटला, खेळण्याला किंवा वजनकाट्याला बॅटरीच्या झाकणावर स्क्रू नाही, ती वस्तू आता आमच्या घरात कपाटाच्या वरच्या खणातच राहते. माझ्या वयाच्या सर्वांना मी हात जोडून सांगते की मूल आपल्याजवळ असताना काही झाले, तर संकोचापायी दहा मिनिटेही दवडू नका.

*

पलंगावरून पडणे आमच्याकडे तीनदा झाले. तिन्ही वेळा मुलगी लगेच रडली आणि अर्ध्या तासात खेळू लागली. पहिल्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणा मी कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवल्या आहेत. पडल्यावर मूल बेशुद्ध झाले, पुन्हापुन्हा उलट्या झाल्या, नेहमीसारखे ओळखेना किंवा नेहमीपेक्षा वेगळी गुंगी आली, झटका आला, नाकाकानातून रक्त किंवा पाणी आले, तर तत्काळ न्यायचे. गादी आम्ही जमिनीवर आणली.

*

मुलगा सव्वा वर्षाचा, लिहिणारी आई.

ताप सकाळपासून होता, दुपारी तो माझ्या मांडीवर होता आणि एकाएकी त्याचे डोळे वर गेले, अंग ताठ झाले, हातपाय झटके देऊ लागले. मला वाटले की माझे मूल माझ्या हातात गेले. सासूबाई चमचा घेऊन धावल्या, दातखीळ बसू नये म्हणून. पूर्वी असेच सांगितले जाई, त्यांचा त्यात दोष नाही. माझी बहीण परिचारिका आहे आणि ती फोनवर होती. तिने मोठ्याने सांगितले की तोंडात काहीही घालू नका, त्याला कुशीवर वळवा, धरून दाबून ठेवू नका आणि घड्याळ बघा. मी घड्याळ पाहिले. पावणेदोन मिनिटे. मला ती दुपारभर वाटली.

तापातली आकडी साधारण सहा महिने ते पाच वर्षे या वयात येते, शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती कधी ना कधी येते, आणि थोडक्यात थांबणाऱ्या साध्या आकडीने मेंदूला इजा होत नाही, असे डॉक्टरांनी आम्हाला शांतपणे समजावले. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर ती तातडीची वेळ समजायची. पहिल्यांदाच आली असेल तर थांबली तरी दाखवायचेच. हे मला आधी कुणी सांगितले असते, तर भीती गेली नसती, पण हात थरथरत का होईना योग्य जागी गेले असते.

*

इतक्या गंभीर प्रसंगांनंतर साधे लिहावे की नाही, याचा विचार करत होतो. मी मुलीसोबत दिवसभर घरी असतो, बायको नोकरीला जाते. मुलगी दोन वर्षे एक महिन्याची आहे. किल्ल्या कचऱ्याच्या डब्यात, बायकोचा चष्मा पिंपात, भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीपर्यंत खडूच्या रेघा, हे आमचे रोजचे आहे आणि त्याचे मला काही वाटत नाही. मला हलवून टाकले ते एका दिव्याने. झोपताना मी खोलीतला दिवा बंद केला. तो तिला बंद करायचा होता. मी पुन्हा लावला, तिला उचलून बटणापाशी नेले, "आता तू कर" म्हणालो, पण तिच्या दृष्टीने ती वेळ निघून गेली होती. पन्नास मिनिटे ती रडली. मी आधी समजावले, मग आवाज चढवला, मग गप्प तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. शेवटी ती सरकत माझ्या मांडीवर आली आणि म्हणाली, "दिवा मी."

या वयात मूल दोन शब्द जोडू लागते, आणि तिचे दुःख तर दोन शब्दांत मावणारे नव्हते. हट्ट हा शब्द मी तेव्हापासून तिच्याबाबतीत वापरलेला नाही. बंद करण्याआधी आता मी विचारतो, "दिवा कोण?"

*

माझा प्रसंग अपघात नाही. बाळ दीड महिन्याचे होते, मोठा तीन वर्षांचा. बाळ घरी आल्यापासून मोठ्याची शू सांगण्याची सवय सुटली होती. रात्री बाळाने झोपू दिले नव्हते. पहाटे मोठ्याने बाळाच्या दुपट्यावर शू केली, माझ्याकडे पाहिले, आणि मी त्याला थोबाडीत मारली. त्याच्या गालावर माझी बोटे उमटली. तो रडला नाही, फक्त मागे सरकला. ते मागे सरकणे मी विसरू शकलेले नाही.

मी त्याची माफी मागितली. आईचा हात चुकला, तुझी चूक नव्हती, असे त्याला कळेल अशा शब्दांत सांगितले. नवऱ्याला आणि डॉक्टरांनाही सगळे सांगितले. धाकटे आल्यावर मोठ्याचे शिकलेले काही काळ मागे जाणे नेहमीचेच आहे, ते रागवण्याने आणखी लांबते, असे डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या झोपेबद्दल विचारले आणि घरात कोण मदतीला आहे ते विचारले. त्या प्रश्नांनी मला प्रथमच रडू आले. राग चढतोय असे वाटले की बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवायचे, मोठ्यापाशी धोक्याचे काही नाही ना ते पाहायचे आणि दोन मिनिटे दाराबाहेर उभे राहायचे, असे त्यांनी सुचवले. मी तसे करते. जाताना "आई दाराबाहेर आहे, लगेच येते" असे मोठ्याला सांगून जाते.

काल त्याने रंगाची वाटी बाळाच्या अंथरुणावर उपडी केली. मी काही बोलण्याआधीच तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, दाराबाहेर जाऊन ये." मी गेले. परत आले तेव्हा तो आपल्या सदऱ्याने रंग पुसत होता, आणि मी शेजारी बसले तेव्हा तो मागे सरकला नाही.