'मला कोणी विचारलेच नाही' हा आक्षेप नव्हे

समासातला (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात येथील एका सदस्यांच्या टिपणावर प्रतिसाद लिहायला बसलो आणि तो आवरेना, म्हणून हा वेगळा धागा. टिपणाचा आशय असा : जनमत चाचणीवाल्यांनी त्यांना किंवा त्यांच्या ओळखीतील कोणालाही कधी काही विचारले नाही, म्हणजे निवडणुकीआधीचे आकडे खोलीत बसून लिहिले जातात; भरघोस तारे पाहून ते ज्या हॉटेलात सहकुटुंब गेले तेथे सूप कोमट आले, म्हणजे तारेही तसलेच; आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या ओव्हनमध्ये ते जो ब्रेड भाजतात तोच काय तो विश्वासाचा, कारण त्यात काय पडले ते त्यांनी स्वतः पाहिलेले असते. त्यावर 'अगदी मनातले बोललात' असे प्रतिसाद रांगेने आले आहेत.

मनातले असेल, पण हिशेबातले नाही. दहा कोटी मतदारांच्या देशात दर आठवड्याला एक हजार जणांची एक चाचणी, अशी सलग पन्नास वर्षे घेतली आणि प्रत्येक वेळी नवाच माणूस गाठला, तरी एकूण 26 लाख लोकांना विचारून होईल. म्हणजे शंभरातील सत्त्याण्णव जणांना आयुष्यभर कोणी विचारणार नाही, आणि तरीही त्यांतील प्रत्येक चाचणी प्रामाणिकपणे घेतलेली असू शकेल. शितावरून भाताची परीक्षा करताना उरलेल्या शितांनी 'आम्हाला कोठे चेपून पाहिले?' असे विचारण्यासारखे हे आहे.

राहिला नमुन्याच्या आकाराचा प्रश्न. 1936 मध्ये अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीआधी तेथील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असे छापले. रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर योग्य विजेता सांगितला होता. किती जणांना विचारले यापेक्षा कोणाला विचारले हे महत्त्वाचे, हे त्यानंतर तरी वादाचे राहायला नको होते. शिवाय चाचणी स्वतःच सांगते की एक हजारांच्या नमुन्यावर कोणत्याही टक्केवारीत तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतात आणि दोन उमेदवारांतील फरकात जवळजवळ त्याच्या दुप्पट. हे न वाचता चार टक्क्यांच्या आघाडीवर पेढे वाटणाऱ्याचा दोष चाचणीच्या माथी का मारायचा?

घरच्या ब्रेडबद्दल मला आदर आहे. परंतु 'एक कप पीठ, अंदाजे पाणी' असे लिहिणाऱ्या मंडळींनी मोजमापाच्या विश्वासार्हतेवर इतरांना धडे द्यावेत, हे मला पचत नाही.

उंबरठा

धागाकर्त्यांचे गणित बरोबर आहे आणि म्हणूनच ते फसवे आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच आधणात शिजतो आणि कोणतेही शीत चेपून घ्यायला नकार देत नाही. माणसे नकार देतात.

मी शिकत असताना एका संस्थेसाठी, तिचे नाव नको, दारोदार फिरून प्रश्नावल्या भरण्याचे काम केले आहे. दार वीतभर उघडते, साखळी तशीच असते, आतून दुसराच आवाज विचारतो, 'काय विकायला आलेत?' आपण प्रश्न वाचतो आणि उत्तर दारातील बाई देत नाहीत, तो आतला आवाज देतो. प्रश्नावलीवर मात्र बाईंचे वय आणि शिक्षण लिहिले जाते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यांवरची घरे दुपारनंतर आपोआप 'कुलूपबंद' होतात. संध्याकाळी पर्यवेक्षक म्हणतात, अठरा ते पंचवीस वयोगटातील स्त्रिया कमी पडल्या आहेत, तेवढ्या कोठूनही भरून आणा. आम्ही भरून आणत असू. त्या कोठून येत, हे तुमच्या तीन टक्क्यांत कोठे बसते ते मला समजावून सांगा.

आणि गॅलप यांचे एवढे कौतुक आहे, तर हेही लिहायचे होते की त्याच 1936 मध्ये रूझवेल्ट यांच्या मतांचा त्यांचा अंदाज पाच ते सात टक्क्यांनी कमी पडला होता. विजेता बरोबर आला तो विजय प्रचंड होता म्हणून. 1948 मध्ये लढत चुरशीची झाली तेव्हा गॅलप यांनी ड्यूई जिंकणार असे सांगितले आणि ट्रूमन जिंकले.

मळलेली कणीक

चाचण्यांबद्दल मला काही म्हणायचे नाही. मात्र शेवटच्या परिच्छेदात जाता जाता मारलेला टोमणा कोणाला उद्देशून आहे हे येथे सर्वांना ठाऊक आहे, कारण कपाच्या मापाने कृती लिहिणारी येथे मीच आहे.

धागाकर्त्यांनी कधी पीठ हातात घेतले आहे का? एकाच पिशवीतील पीठ पावसाळी हवेत कमी पाणी मागते आणि कोरड्या हवेत जास्त. कोंड्यासह दळलेले पीठ मैद्यापेक्षा अधिक पाणी पिते. ग्रॅममध्ये मोजलेले पाणी घालून जर कणीक ओट्याला चिकटत असेल, तर ती काट्याला विचारायची की हाताला? फुगलेल्या गोळ्यात पिठाचे बोट अलगद दाबावे. खळगा चटकन भरून आला तर अजून वेळ आहे, सावकाश आणि अर्धवट भरून आला तर ओव्हन तापलेला हवा, आणि भरलाच नाही तर उशीर झाला. हे कोणत्याही काट्यावर दिसत नाही. 'अंदाजे पाणी' हा अडाणीपणा नसून सूचना आहे.

काटेकोर

कणीकताईंनी विषय काढलाच आहे तर बोलू. तोच कप, तेच पीठ; चमच्याने हलके भरले तर सुमारे 120 ग्रॅम बसते, कप थेट पिशवीत खुपसला तर 150 ग्रॅमच्या आसपास. ही चौथाईची तफावत झाली. शिवाय कोणता कप? अमेरिकन कप 237 मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातील 250 चा, जपानमधील 200 चा. ब्रेडमध्ये मैद्याच्या वजनाच्या साधारण 65 टक्के पाणी असेल तर गोळा हातात घेता येतो. ते 80 टक्क्यांवर गेले तर नवशिक्याच्या हातून ओघळून जाते. तुमच्या कृतीतील कप कसा भरला यावर माणूस या टोकाला असेल की त्या टोकाला हे ठरते आणि मग तो बिचारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. मी बसलो आहे. तुमचीच कृती होती.

हाताचा अंदाज हा वर्षानुवर्षे केलेल्या मोजमापाचाच परिणाम असतो. ज्याच्याकडे तो नाही त्याला 'हाताला विचारा' असे सांगणे म्हणजे शिकवणे टाळणे होय. या विषयावर हा माझा शेवटचा प्रतिसाद.

शेवटचे टेबल

कोमट सूपवाल्या मुद्द्याकडे कोणीच पाहिले नाही, म्हणून लिहितो. मी काही काळ एका रेस्टॉरंटमध्ये टेबले सांभाळत होतो. अभिप्रायाचा कागद प्रत्येक टेबलावर ठेवायचा असा लेखी नियम होता. प्रत्यक्षात, ज्या टेबलावर हसणे-खिदळणे चालू आहे तेथेच तो बिलासोबत द्यायचा आणि ज्यांनी बिलाकडे दोनदा पाहिले त्यांच्यासाठी कागद 'संपलेले' असायचे. त्यावर मिळालेल्या गुणांचा तक्ता मालक दारात चौकटीत लावत असत.

इंटरनेटवरील तारे याच्या नेमके उलट किंवा त्याहून अधिक लबाड असतात, एवढाच फरक. तेथे बोलावणे नसते. जो चिडला तो लिहितो, जो हरखला तो लिहितो, आणि ज्यांचे जेवण ठीक झाले ते बहुसंख्य घरी जाऊन झोपतात. तरीही या ताऱ्यांवर व्यवसाय हलतो. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी सिअ‍ॅटल शहरातील रेस्टॉरंटचा अभ्यास करून 2011 मध्ये दाखवले होते की 'येल्प' या ग्राहकांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढते. आणि हा परिणाम स्वतंत्र रेस्टॉरंटपुरता होता, साखळीतील दुकानांवर तो दिसला नाही. ज्यांच्याविषयी ग्राहकाला आधीच ठाऊक असते त्यांना तारे लागत नाहीत. एकाच दुकानावर पोट असलेल्याची मान मात्र त्यांत अडकलेली असते. अशा ठिकाणी एका कोमट सूपासाठी एक तारा देऊन येणाऱ्यांनी सूप गरम करून मागितले होते का, एवढे तरी लिहावे.

समासातला

शेवटचे टेबल यांनी माझेच म्हणणे अधिक चांगल्या रीतीने मांडले आहे. आपणहून आलेल्या मतांची बेरीज आणि निवडून विचारलेली मते यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मूळ टिपणाने दोहोंना एका पंक्तीत बसवले, यावरच माझा राग आहे.

उंबरठा यांचा अनुभव मी नाकारत नाही. परंतु त्यांनी केलेले काम वाईट होते, याचा अर्थ ते काम चांगले करताच येत नाही असा होत नाही. कमी पडलेल्या गटांना भारांकनाने, म्हणजे त्यांच्या उत्तरांना अधिक वजन देऊन, योग्य वाटा देता येतो आणि आज बहुतेक जबाबदार संस्था तो देतात.

उंबरठा

'त्यांनी केलेले काम वाईट होते' हे वाचून करमणूक झाली. पायऱ्या चढणारा मी, सरासरी काढणारे तुम्ही, आणि वाईट काम माझे!

भारांकनाचे ऐका. 2016 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने फ्लोरिडातील 867 मतदारांची एकच कच्ची उत्तरे चार जाणकार चमूंना दिली आणि स्वतःही हिशेब केला. उत्तरे तीच, माणसे तीच. निष्कर्ष मात्र क्लिंटन चार टक्क्यांनी पुढे येथपासून ट्रम्प एका टक्क्याने पुढे येथपर्यंत आले. या पाच टक्क्यांच्या फरकात नमुन्याच्या त्रुटीचा अंशही नव्हता, कारण नमुना एकच होता. मतदानाला कोण जाईल आणि कोणाचे वजन किती धरायचे, या निर्णयांचाच तो फरक होता. त्या निर्णयांची त्रुटी तुमच्या तळटिपेत कोण छापते? अमेरिकेतील जुन्या चाचण्या निकालांशी ताडून पाहणाऱ्या 2018 च्या एका अभ्यासात प्रत्यक्ष त्रुटी जाहीर केलेल्या त्रुटीच्या सुमारे दुप्पट निघाली. प्यू संशोधन संस्थेच्या दूरध्वनी सर्वेक्षणांना 1997 मध्ये शंभरातील 36 जण प्रतिसाद देत, 2018 मध्ये सहा. उरलेले चौऱ्याण्णव त्या सहांसारखेच आहेत, ही श्रद्धा आहे. ती ठेवा, पण तिला गणित म्हणू नका.

ब्रिटनमध्ये 2015 साली शेवटच्या चाचण्यांनी दोन मोठे पक्ष बरोबरीत दाखवले आणि निकालात साडेसहा टक्क्यांचे अंतर पडले. चौकशी समितीने कारण दिले ते हेच, की नमुनेच प्रातिनिधिक नव्हते. मूळ टिपणकार 'मला विचारले नाही' असे म्हणतात ते चुकीच्या शब्दांत असेल, पण 'ज्यांना विचारले ते माझ्यासारखे नाहीत' ही त्यांची शंका रास्त आहे.

मळलेली कणीक

काटेकोर यांना माझी कृती फसल्याचे दुःख आहे हे आत्ता कळले. 'कप हलका भरावा, दाबू नये' असे त्या कृतीत पहिल्याच ओळीत लिहिलेले आहे. ग्रॅमपर्यंत अचूक असणाऱ्या माणसाने पहिली ओळ वाचू नये याचे आश्चर्य वाटते.

आणि तुमच्या काट्याचे सांगते. स्वयंपाकघरातील साधा काटा एकेक ग्रॅमने सरकतो. तीन ग्रॅम यीस्ट घ्यायचे तर तो अडीचलाही तीन दाखवतो आणि जवळजवळ साडेतीनलाही. हा आकडा तुम्ही श्रद्धेने लिहून ठेवता. सपाट केलेला चमचा त्याहून वाईट खचितच नाही. ओव्हनच्या बटणावर 220 लिहिलेले असते आणि आत दहा-वीस अंश कमी-जास्त असतात. तेही तुम्ही वहीत 220 असेच लिहीत असाल.

समासातला

उंबरठा, जाहीर होणारी त्रुटी ही एकूण त्रुटीचा लहान भाग असते हे मला अमान्य नव्हतेच. मी ते लिहिले नाही, कारण धागा त्या टिपणाविषयी होता. तेव्हा घ्या, तीनऐवजी सहा टक्के धरा. तरीही ज्याच्या चुकीचे माप निकालानंतर सर्वांसमोर काढता येते, असा अंदाज नात्यागोत्यातील दहा जणांना विचारून काढलेल्या अंदाजापेक्षा मला परवडतो. ब्रिटनमधील चौकशी समितीचा दाखला तुम्ही मोठ्या दिमाखात दिलात. ज्यांचे आकडे खोलीत बसून लिहिलेले असतात ते आपल्या चुकीची चौकशी लावून अहवाल छापत नाहीत.

उंबरठा

सहा टक्के धरले तर चुरशीच्या लढतीत चाचणी 'कोणीही जिंकू शकेल' एवढेच सांगते. ते मी फुकट सांगतो, आणि जिनेही चढावे लागत नाहीत.

शेवटचे टेबल

मूळ टिपणकारांनी वाचले असेल तर सांगावे : सूप गरम करून मागितले होते का?

काटेकोर

यीस्टबद्दल कणीकताईंचे म्हणणे तेवढ्यापुरते ठीक आहे. दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा वेगळा मिळतो. यीस्ट आणि मीठ त्यावर, पीठ आणि पाणी मोठ्यावर. तो नसेल तर चमचा चालेल, सपाट केलेला. पिठासाठी कप मात्र चालणार नाही. ओव्हनमध्ये वेगळा तापमापक ठेवतो, त्यामुळे तो टोमणा मला लागू नाही. आता या विषयावर खरोखरच शेवटचा प्रतिसाद.

मळलेली कणीक

'चमचा चालेल' एवढे जतन करून ठेवत आहे. पुढच्या कृतीत ग्रॅम कंसात देईन. कप कंसाबाहेरच राहील.

काटेकोर

कंसात कप हवा, बाहेर ग्रॅम.