धरणकाठचे शांत रस्ते: दोन दिवसांच्या सायकल सहलीसाठी मार्ग सुचवावा

चाकोरी
नमस्कार. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मी आणि माझी मोठी बहीण पुण्याहून दोन दिवसांच्या सायकल सहलीला जाण्याच्या विचारात आहोत. आम्हा दोघींना चढाची भीती नाही, वाहनांची आहे. म्हणून डांबरी पण कमी वर्दळीचा, शक्यतो एखाद्या धरणाच्या पाण्याकाठाने डोंगरांमधून जाणारा रस्ता हवा आहे. दिवसाला चाळीस ते पन्नास किलोमीटर पुरेत. सायकली जुन्या हायब्रिड असून पुढे 48-38-28 दात्यांची तीन चक्रे आणि मागे 11 ते 34 दात्यांच्या चक्रांची कॅसेट आहे. मोटारीची मागची सीट पाडली आणि पुढची चाके काढली की दोन्ही सायकली आत मावतात. मुक्काम, जेवण आणि पेट्रोल धरून दोघींचा खर्च 4000 रुपयांच्या आत बसवायचा आहे. नवीन काहीही विकत घ्यायचे नाही.

घाटवाटाड्या
या प्रश्नाचे उत्तर भंडारदरा हेच आहे. शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर गाठावे, तेथून साम्रद, रतनवाडी, मुतखेल या मार्गाने परत शेंडीला यावे. जलाशयाची पूर्ण प्रदक्षिणा होते आणि ती तुमच्या एका दिवसाच्या अंतरात बसते. जाताना डाव्या हाताला पाणी आणि उजव्या हाताला अलंग, मदन, कुलंग ही रांग असते. घाटघरला कोकणकड्यावर थांबावे, रतनवाडीला अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर पाहावे. रस्ता सतत वरखाली होत राहतो, पण कोठेही जीव काढणारा एकसलग घाट नाही. मे-जूनमध्ये काजवे पाहण्यासाठी आणि पावसाळ्यात धबधब्यांसाठी तेथे मोटारींची रीघ लागते; नोव्हेंबरात, तेही आठवड्याच्या मधल्या वारी गेलात, तर बराच वेळ तुम्हाला एखाद्या दुचाकीपलीकडे काही भेटणार नाही. मुक्कामाला मात्र पाण्यासमोरची खोलीच घ्यावी. रात्रीचे पाच-सहा हजार जातात, पण सकाळी पडदा सारल्यावर ते वसूल होतात.

चाकोरी
माहितीबद्दल आभार. 4000 ही रक्कम दोघींची आणि दोन्ही दिवसांची मिळून आहे, एवढे पुन्हा नमूद करते.

अविश्रांत
पुण्यात राहून भंडारदऱ्यापर्यंत मोटार दामटण्यात काय अर्थ आहे? चांदणी चौकातून पहाटे निघा, पौडमार्गे मुळशीचे पाणी डाव्या-उजव्या हाताला घेत ताम्हिणी गाठा आणि जेवायला घरी परत या. मी हे नेहमी करतो. गेल्या वर्षी कार्बन फ्रेमची, इलेक्ट्रॉनिक गिअरची सायकल घेतल्यापासून चढ जाणवेनासा झाला आहे. आपल्या जुन्या हायब्रिड पंधरा किलोंच्या आसपास असणार. आधी त्या काढून टाका, मार्ग नंतर ठरवता येईल.

निशिगंध
अविश्रांत, त्यांनी शांत रस्ता विचारला आहे आणि नवीन काही घ्यायचे नाही असेही लिहिले आहे. ताम्हिणी हा पुण्याहून माणगावला, म्हणजे थेट कोकणात उतरणारा रस्ता आहे. शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत त्यावरून काय धावते हे आपणही पाहत असाल. आमच्या शेजारून वळणावर एक मोटार इतक्या जवळून गेली की तिचा आरसा माझ्या मैत्रिणीच्या हँडलला घासला, आणि आत बसलेल्यांनी काच खाली करून आम्हालाच दोन शब्द ऐकवले. लवासाचा रस्ताही कोणी सुचवण्यापूर्वी सांगते, टेमघरच्या पुढचा चढ खडा आहे आणि सुटीच्या दिवशी तेथे हौशी दुचाकीस्वारांच्या शर्यती चालतात.

कृष्णाकाठ
मी वाईची. शांत रस्ता ओळखण्याची खूण अगदी साधी आहे: जो रस्ता पुढे कोठेही जात नाही, तो घ्यावा. धरणाच्या पाणलोटात शिरून खोऱ्याच्या तोंडाशी संपणाऱ्या रस्त्यावर त्या खोऱ्यातल्या गावांची एसटी, दुधाची गाडी आणि शाळेतून परतणारी मुले यांशिवाय फारसे कोणी नसते. वाईहून मेणवली, धोम करत धोमच्या जलाशयाकाठाने आणि पुढे बलकवडी धरणावरून जोरपर्यंत जा; महाबळेश्वरचा डोंगर समोर भिंतीसारखा उभा राहतो आणि रस्ता तेथेच थांबतो. आल्या वाटेने परत यावे लागते, याचा अनेकांना कंटाळा असतो. पण त्या परतीमुळेच तेथे गर्दी नाही. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर उतरून मोठी घंटा अवश्य पाहावी. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेनंतर आणलेल्या घंटांपैकी ती एक आहे.

एक इशारा देते. नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू झालेला असतो आणि वाई-भुईंज पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर फिरतात. त्यांना मागे दिवा नसतो आणि वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला सरकते. त्यांच्या डावीकडून कधीही पुढे जाऊ नये. वाईच्या वर, खोऱ्यात शिरल्यावर हा त्रास उरत नाही.

यवतेश्वरकर
वाई चांगली आहे, परंतु शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पाहिल्याशिवाय तलावाच्या गप्पा मारू नयेत. साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून कासच्या पठारावर जावे, तेथून बामणोलीला उतरावे. कोयनेचे पाणी तेथवर आलेले आहे. बामणोलीहून लाँचने तापोळ्याला जाता येते. सायकली घेतील की नाही हे नावाड्यावर आणि गर्दीवर अवलंबून आहे, आधी बोलून घ्यावे. दुसऱ्या दिवशी तापोळ्याहून महाबळेश्वर चढावे.

निशिगंध
कासला तर जत्रा असते.

यवतेश्वरकर
जत्रा फुलांच्या हंगामात, म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असते. नोव्हेंबरात पठारावर वाळलेले गवत आणि वारा असतो. लोकांनी सप्टेंबरातल्या एका रविवारी यायचे आणि वर्षभर कासला नावे ठेवायची, हे आता ऐकवत नाही.

जुना_सायकलस्वार
तापोळा ते महाबळेश्वर या चढाबद्दल कोणीच स्पष्ट सांगितले नाही, म्हणून लिहितो. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 660 मीटर आहे आणि महाबळेश्वर साधारण 1350 मीटरवर आहे. म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरांत जवळजवळ 700 मीटर चढायचे आहेत, आणि तेही आदल्या दिवशी यवतेश्वर चढून थकलेल्या पायांनी. शिवाय तुमची मोटार साताऱ्यात उभी असेल, ती आणायला कोण जाणार?

गिअरची चिंता मात्र सोडून द्या. पुढे 28 आणि मागे 34 लावले की पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पावणेदोन मीटर पुढे सरकते. मिनिटाला साठ फेरे मारत राहिलात तर ताशी सहा किलोमीटरने कोणताही घाट बसल्या बसल्या चढता येतो. बाजारातल्या पुष्कळ महागड्या रोड बाइकना इतका हलका गिअर मिळत नाही. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक घट्ट दाबून वेग मोडा आणि मग सोडून द्या, म्हणजे रिम तापत नाही. आमच्या भाच्याने एका ठिकाणाहून भाड्याने घेतलेल्या सायकलचे ब्रेक पॅड पार धातूपर्यंत झिजलेले होते आणि ते पसरणीच्या उतारावर कळले. निघण्यापूर्वी पॅडवरच्या खाचा दिसतात का, ते पाहा. दिसत नसतील तर ही किरकोळ खरेदी टाळू नका.

अविश्रांत
हलक्या गिअरचे कौतुक पुरे. पुढे 39 आणि मागे 25 वर आम्ही सिंहगड चढत होतो.

जुना_सायकलस्वार
आणि आता इलेक्ट्रॉनिक गिअर घेतलेत.

घाटवाटाड्या
मूळ मुद्दा बाजूला पडतो आहे. भंडारदऱ्यात हे सगळे प्रश्नच येत नाहीत. प्रदक्षिणा असल्यामुळे मोटार शेंडीलाच राहते. 1926 मध्ये पूर्ण झालेले विल्सन धरण, कळसूबाईचे सान्निध्य, यापेक्षा आणखी काय हवे? रिसॉर्ट महाग वाटत असेल तर रतनवाडीत घरगुती मुक्काम होतो, पिठले-भाकरी मिळते आणि खर्च बजेटमध्ये बसतो. हे मी पहिल्यांदाच लिहिणार होतो. अभयारण्य असल्याने वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावे लागते, तेवढे सुटे पैसे जवळ ठेवा. साम्रद ते रतनवाडी या जंगलातल्या टप्प्यात डांबराची खात्री देता येत नाही. तेथे तुमची हायब्रिडच बरी, पंचवीस मिलिमीटरचे अरुंद टायर नकोत.

चाकोरी
सर्वांचे मनापासून आभार. आम्ही भाटघरला जात आहोत.

भोरला आमच्या मावशीचे घर आहे, त्यामुळे मुक्कामाचा आणि रात्रीच्या जेवणाचा खर्च नाही. कृष्णाकाठ यांनी सांगितलेली खूण नकाशावर लावून पाहिली, तेव्हा भाटघरच्या पाण्याकाठाने वेळवंड आणि भुतोंडे खोऱ्यांकडे जाणारे रस्ते तिच्यात नेमके बसले. पहिल्या दिवशी एका काठाने, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या काठाने, असे ठरवले आहे. वरंध घाटाकडे जाणारा महाडचा रस्ता वाहता असल्यामुळे त्या बाजूच्या नीरा-देवघर धरणाचा विचार सोडला. ब्रेक पॅड काल पाहिले. बहिणीच्या सायकलचे मागचे दोन्ही बदलायला टाकले आहेत.

घाटवाटाड्या
एवढे लिहून घेतल्यावर भाटघर! ठीक आहे, आपली सहल आहे. पुढच्या वेळी तरी भंडारदरा करावा.

यवतेश्वरकर
मावशीचे घर भोरला आहे हे पहिल्याच संदेशात लिहिले असते तर बऱ्याच जणांचे टंकन वाचले असते.

कृष्णाकाठ
निवड चांगली आहे. भाटघरच्या पाण्याचे फाटे आत आत शिरलेले आहेत, त्यामुळे समोर दिसणारे गाव रस्त्याने बरेच लांब निघते. नकाशावरच्या सरळ रेषेवर वेळेचा हिशेब करू नका. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराआड असल्यामुळे खोऱ्यात त्याही आधी काळोख दाटू लागतो. दुपारी दोनला, जेथे असाल तेथून परत फिरा. खोऱ्यात पंक्चरचे दुकान मिळेल या भरवशावर राहू नका, प्रत्येकी एक जादा ट्यूब आणि एक हातपंप दोघींत असू द्या. वाड्यांवरचे कुत्रे मागे लागले तर वेग न वाढवता खाली उतरावे आणि सायकल मध्ये धरून चालावे.

चाकोरी
ट्यूब दोन्ही आहेत. पंपाचा व्हॉल्व्ह माझ्या सायकलला बसतो आणि बहिणीच्या सायकलला बसत नाही, हे आज तुमच्यामुळे तपासले तेव्हा कळले. तीस रुपयांचा अडॅप्टर आणते.