मदत हवी आहे: आडतीची पट्टी करणारा प्रोग्राम लिहायचाय, सुरुवात कोणत्या भाषेने करू?

नमस्कार मंडळी,

लातूरला एका आडत दुकानात मी हिशेब लिहितो. बीकॉम झालंय, टॅली आणि एक्सेल रोजचं आहे, प्रोग्रामिंग मात्र कधीच शिकलो नाही. सोयाबीनची आवक वाढली की दिवसभर पट्ट्याच, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे हिशेबाचे कागद, करत बसावं लागतं. वजन गुणिले दर, त्यातून हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा. मागच्या हंगामात एका पट्टीत माझ्याकडून उचल दोनदा वजा झाली. ते शेतकरी काका दोन दिवसांनी गावाहून परत आले, पट्टी चार घड्या घालून बंडीच्या खिशात जपून ठेवलेली. पैसे दिले, माफी मागितली, पण त्यांचं एसटीचं भाडं आणि ऐन सुगीत मोडलेला दिवस माझ्यामुळे गेला. तेव्हापासून ठरवलंय, हे काम करणारा प्रोग्राम स्वतः लिहायचा.

इथले एक क्लासवाले म्हणतात आधी सी, तेही टर्बो सीवर, सहा महिने. भाचा म्हणतो जावास्क्रिप्ट. मी आपलं पायथॉन घेतलं. लॅपटॉप जुना आहे, विंडोज ७ आणि ४ जीबी रॅम. नवं पायथॉन इन्स्टॉलच होईना, शेवटी ३.८ बसलं.

काल वजन १७.४० क्विंटल आणि दर ४३५० दिला. उत्तर ७५,६९० यायला हवं. त्याऐवजी काळ्या खिडकीत १७.४०१७.४०१७.४० असं धो धो येत राहिलं. दर 'इंट'मध्ये, म्हणजे पूर्णांक करून, घातला होता. काय चुकलं? आणि भाषा बदलू का?

प्रतिसाद १
एक्सेलमध्येच सूत्र लावलं तर भागणार नाही का?

धागाकर्ता
लावलेलं आहे. पण फाइल तिघं हाताळतो. घाईत कुणीतरी सूत्रावरच आकडा टाइप करतं आणि कळतही नाही.

प्रतिसाद २
भाषा अजिबात बदलू नका, तुम्ही बरोबर वाटेवर आहात.

इनपुटमधून जे येतं ते पायथॉनच्या लेखी मजकूर असतो. तुम्ही दराचा आकडा केला, वजन मजकूरच राहिलं. मजकूर गुणिले ४३५० म्हणजे तोच मजकूर ४३५० वेळा. वजन फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांकाच्या नेहमीच्या प्रकारात, घातलंत की उत्तर येईल, पण पैशाच्या हिशेबाला फ्लोट नको. दशांश ०.१ संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत नेमका मावत नाही. ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघा, ०.३ च्या पुढे शून्यांची रांग आणि शेवटी एक ४ चिकटलेला दिसेल. त्यापेक्षा दशांश आकडे नेमके धरणारं पायथॉनचं 'डेसिमल' मॉड्यूल आजच शिका. काळ्या खिडकीऐवजी आयडल हा प्रोग्राम लिहायचा-चालवायचा साधा एडिटर वापरा, ते पायथॉनसोबतच येतं आणि ४ जीबीवर हलकं चालतं. तिथे १७.४० देवनागरी आकड्यांत टाइप केलंत तरी डेसिमलला कळतं.

विंडोज ७ वर ३.८ च्या पुढचं पायथॉन चालत नाही, त्यामुळे इन्स्टॉल करताना तुमचं काही चुकलेलं नाही. शिकायला ३.८ पुरेसं आहे. प्रयोग घरच्याच लॅपटॉपवर करा, दुकानाच्या हिशेबाच्या मशीनवर नको. टर्बो सी हा १९८७ सालचा, डॉस या जुन्या प्रणालीसाठी बनलेला कंपायलर. सी भाषा पुढे जरूर शिका, पण जीसीसी या आजच्या कंपायलरवर. जावास्क्रिप्टही चांगली आहे, कोणत्याही ब्राउझरमध्ये चालते. मात्र तुमचं पायथॉन बसलंय, गाडी सुरू झालीय, आता उतरू नका.

आणखी एक. त्या काकांच्या पट्टीत गुणाकार बरोबरच होता, तीच उचल दुसऱ्यांदा धरली गेली. ती चूक डेसिमलनेही टळणार नाही. प्रत्येक उचलीला चिठ्ठी क्रमांक द्या. पायथॉनसोबत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. वजा केलेल्या उचलींचा तक्ता त्यात करा आणि चिठ्ठी क्रमांकाचा रकाना 'युनिक' (एक क्रमांक एकदाच) ठेवा. तोच क्रमांक परत नोंदवायला गेलात की ते सरळ नकार देतं.

धागाकर्ता
डेसिमल लावलं, ७५६९०.०० आलं! मनापासून आभार. उचलीच्या चिठ्ठ्यांवर आमच्याकडे क्रमांकच नसतो, साध्या वहीच्या कागदावर लिहून देतो. उद्या मालकांशी बोलून क्रमांक घातलेलं चिठ्ठीबुक छापायला टाकतो. तोवर एसक्यूलाइटचा तक्ता करून बघतो, अडलो तर इथेच विचारेन.